झरीच्या मुलांचे पहिले शहर

परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीतल्या एखाद्या कुटुंबाने दहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोठे शहर दाखवायचे ठरवले, तर आज पहिले नाव मुंबईचे किंवा पुण्याचे निघणे साहजिक आहे. राज्याची राजधानी मुंबई, आणि शिक्षण-नोकरीसाठी लोक जातात ते पुण्याला. पण हा ओढा फार जुना नाही. पणजोबांच्या पिढीला शहर म्हणजे हैदराबाद होते, आणि त्यामागची कारणे अजून संपलेली नाहीत. म्हणूनच या वयाच्या मुलांची पहिली शहरसहल हैदराबादला व्हावी, असे माझे ठाम मत आहे.

निजामांची आसफजाही राजधानी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात औरंगाबादहून हैदराबादला गेली. तेव्हापासून 1956 पर्यंत या मुलखाच्या कारभाराची सूत्रे तिथून हलत होती. वरच्या कोर्टातले अपील तिथे, आणि 1918 नंतर विद्यापीठही तिथलेच, उस्मानिया. विसाव्या शतकाच्या तोंडावर हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे परभणीवरून धावू लागली आणि हा संबंध रुळांनी पक्का झाला. ही लाइन मीटरगेज होती, म्हणून मुंबईला जायचे तर मनमाडला उतरून, बोचकी आणि पोरेबाळे सांभाळत ब्रॉडगेजची गाडी धरावी लागे. हैदराबादच्या काचीगुडा स्थानकाला मात्र बसल्या गाडीने जाता येई, आणि अंतरही साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, मुंबईपेक्षा दोनशेने कमी. 1956 साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्र झाला, राजधानी बदलली. पण मनमाडची ती अदलाबदल 1990 च्या दशकात मार्गाचे रुंदीकरण होईपर्यंत चुकली नाही. नकाशावरची सीमा एका रात्रीत बदलते, प्रवासाच्या सवयी बदलायला रूळ उखडावे लागतात.

अर्थात जुन्या काळचा तो प्रवास मुलांसाठी नव्हता, हे मान्य करायला हवे. कोर्टाची तारीख, दवाखाना, लग्नाचा बस्ता अशा कामाला मोठी माणसे निघत आणि एखादे मूल सोबत जाई. मुलांना दाखवण्यासाठी म्हणून शहर गाठायचे, ही चाल स्वातंत्र्यानंतर रुजली आणि हैदराबादेत तिला जागाही मिळाल्या. सालारजंग संग्रहालय 1951 साली दिवाणदेवडीत सुरू झाले आणि 1968 साली मुसीकाठच्या आताच्या इमारतीत आले. तासाचा ठोका देणारा चिमुकला पुतळा पाहायला तिथल्या घड्याळापुढे आजही गर्दी जमते. नेहरू प्राणिसंग्रहालय 1963 चे. गोवळकोंड्याला प्रवेशद्वाराशी वाजवलेली टाळी वर बालाहिसारला ऐकू येते. आवाज एवढा कसा चढतो, हा प्रश्न सहा वर्षांच्या मुलाला पडत नाही, बारा वर्षांच्या मुलाला पडतो. त्याच मार्गावर गोदाकाठी बासर आहे. सरस्वतीपुढे अक्षराभ्यासासाठी मराठवाड्यातली कुटुंबे लेकरांना तिथे नेतात, त्यामुळे आजी सोबत असेल तर तिचीही यात्रा घडते.

पहिला मोठा आक्षेप भावनेचा आहे, आणि तो हलका नाही. ज्या राजवटीने रझाकारांना मोकळे सोडले, जिच्यापासून 17 सप्टेंबर 1948 ला सुटका झाली, तिच्या राजधानीत मुलांना मौजेला का न्यायचे? याचे माझे उत्तर असे की दरवर्षी मुक्तिदिनाला मराठवाड्यातल्या शाळांत झेंडा फडकतो, पण ज्या शहरात त्या लढ्याचा निकाल लागला ते मुलांनी पाहिलेलेच नसते. त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांची समाधी हैदराबादेत बेगमपेठेला आहे. हिप्परग्याला आणि अंबाजोगाईला शिकवणारा हा शिक्षक निजामाच्या तुरुंगात का गेला, हे समजण्याचे वय तेरा-चौदाच. शिवाय ते शहर नुसते निजामाचे नव्हते. केशवराव कोरटकरांसारख्या माणसांच्या पुढाकाराने गेल्या शतकाच्या आरंभी तिथे मराठी मुलांसाठी विवेकवर्धिनी शाळा निघाली. चारमिनार पाहणाऱ्या मुलाला ही शाळाही दाखवली, तर राजवट आणि शहर यांत फरक करायला ते शिकेल.

दुसरा आक्षेप: आता गाडी बदलावी लागत नाही. देवगिरी एक्सप्रेस एका दिशेला मुंबई गाठते, दुसऱ्या दिशेला सिकंदराबाद, मग मराठी मुलाने आधी आपली राजधानी का पाहू नये? समुद्र, राणीचा बाग, नेहरू विज्ञान केंद्र यांचे मोल मी कमी करत नाही. पण मुंबई-पुणे या मुलांच्या वाट्याला कधी ना कधी येणारच आहेत, कॉलेजसाठी नाहीतर नोकरीसाठी. हैदराबाद तसे आपोआप येणार नाही. भाषेची भीतीही वायफळ आहे. परभणीच्या बाजारात कानावर पडणारी दखनी तिथे बहुतेक ठिकाणी पुरते.

खर्चाचे गणित वयाशी जोडलेले आहे. रेल्वेत पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट असले, तरी 2016 पासून स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे पडते. झरीहून परभणीपर्यंत एसटीने गेल्यास आईला आणि मुलींना 2023 पासून निम्मेच भाडे आहे. सालारजंग शुक्रवारी बंद, प्राणिसंग्रहालय सोमवारी. तेव्हा शनिवार-रविवार धरून निघावे आणि दिवसांची आखणी मुलांवर सोपवावी. त्यांच्या यादीत रामोजी फिल्म सिटी आणि मेट्रो येणारच, आणि यावी. बेगमपेठ आली नाही, तर ती मोठ्यांनी घालावी.