जुडग्यातल्या तीन किल्ल्या

जळगावच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या वाड्यात जुनी प्रीमियर पद्मिनी उभी आहे. तिच्या जुडग्यात तीन किल्ल्या: एक गाडी सुरू करायची, एक दारांची, एक डिकीची. घरच्यांना तिन्हींच्या जागी एकच हवी होती. मला बोलावलं होतं गाडीचे जुने कागद लावून द्यायला. गुंतलो मात्र जुडग्यात.

पद्मिनीचं कूळ ठाऊक आहेच. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली; फियाट 1100 डिलाइट 1964 पासून कुर्ल्यात तयार होऊ लागली आणि सत्तरच्या दशकात तिचंच नाव पद्मिनी झालं. वेगळ्या किल्ल्यांची रीत मात्र आपली नव्हे. अमेरिकेत जनरल मोटर्सही डिकीची किल्ली वेगळी देत असे. गाडी परक्या हाती सोपवली तरी सामान कुलपात राहावं, हा त्यातला हिशेब. आपल्याकडे तो परका हात म्हणजे ड्रायव्हर. डिकीची किल्ली शेठच्या कनवटीला, बाकीच्या ड्रायव्हरच्या खिशात, असंच इथंही होतं. विश्वासाची ही वाटणी कोणत्याही कागदावर नव्हती.

धुळ्यात मुंबई-आग्रा रस्ता सुरत-नागपूर रस्त्याला छेदतो. तिथल्या एका चावीवाल्याकडे गाडी नेली. तो हसला, ‘तीन चाव्या कसाले, भाऊ? एकच करी देस.’

त्याने दाराचं कुलूप उघडून गाभा बाहेर काढला. आत पितळेच्या पातळ पत्त्या, प्रत्येकीच्या पोटात खिडकी, खाली बारीक स्प्रिंग. योग्य किल्ली शिरली की साऱ्या पत्त्या गाभ्याच्या कडेशी समतल होतात आणि गाभा फिरतो. त्याने स्टार्टची किल्ली घातली. दोन पत्त्या वर डोकावल्या. कानस मारली तर पाच मिनिटांचं काम. पण घासलेलं कुलूप पुढं भलत्याच किल्लीलाही दाद देतं, म्हणून त्याने मोडीतल्या कुलपांच्या डब्यातून योग्य पत्त्या निवडून बसवल्या. असा कारागीर आता क्वचित भेटतो.

डिकी अडली. तिच्या किल्लीची पन्हळ निराळी, त्यामुळे स्टार्टची किल्ली त्या कुलपात शिरेचना. घरी परतून कागदांत पुन्हा शोधलं, तेव्हा गॅरेजचं एक बिल सापडलं: मागून ठोकर, डिकीचं झाकण बदललं, कुलपासह. म्हणजे शेठच्या कनवटीची मूळ किल्ली कधीच गेली होती. मी जिच्यावरून विश्वासाचा इतिहास रचत होतो, ती भंगारातल्या दुसऱ्याच गाडीची निघाली.

मागची वाटणी मी ऐकीव गोष्टींवरून मानतो, या किल्लीवरून नव्हे. डिकीचं कुलूप आम्ही बदललं नाही. जुडग्यात आता दोन किल्ल्या आहेत. दाराच्या जुन्या पत्त्या मी काडेपेटीत घालून, वर तारीख लिहून, कागदांच्या फायलीत ठेवल्या आहेत.