विळ्यावरचं तांबं आणि फोनचा चार्जिंग पोर्ट

आमच्या विंचूरकडे द्राक्षबागेसाठी बोर्डो मिश्रण केलं की त्यात विळा बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर आला तर समजायचं, चुना कमी पडलाय, पानं करपतील. हा थर म्हणजे गंज नाही बरं का! लोखंड इलेक्ट्रॉन देऊन विरघळतं. मोरचुदातलं तांबं ते घेऊन पात्यावर बसतं. गंजतानाही लोखंड इलेक्ट्रॉनच देतं, फक्त घेणारा असतो ऑक्सिजन, आणि पाणी लागतंच. तारेवर जस्ताचा मुलामा असतो तो यासाठीच, आधी जस्त झिजतं.

फोनच्या ओल्या पोर्टला चार्जर लावला की वीज हीच झीज भराभर घडवते. ओलाव्याची सूचना दिसली तर केबल काढा, पोर्ट वाळू द्या. मी फवारणीच्या दिवशी घाई केली. पिना हिरव्या पडल्या, पोर्टच बदलावा लागला.