मेरिनो मेंढी

तलम लोकरीसाठी जगभर पाळली जाणारी, मूळची स्पेनमधील मेंढीची जात. तिची लोकर वरून मळकट आणि मेणचट दिसते. बोटांनी फाकवली की आत शुभ्र, बारीक नागमोडी तंतू दिसतात. तंतूची जाडी साधारणपणे १७ ते २४ मायक्रॉन असल्याने कापड अंगाला टोचत नाही. आपल्याकडे घोंगड्यांसाठी वापरली जाणारी दख्खनी मेंढीची लोकर याहून बरीच जाडीभरडी असते.

कॅस्टिलचा राजा दहावा अल्फान्सो याने १२७३ मध्ये ‘मेस्ता’ या मेंढपाळ संघाला सनद दिली. कळप उन्हाळ्यात लेओनच्या डोंगरात, तर हिवाळ्यात एस्त्रेमादुराच्या कुरणांत असत. त्यांच्या ये-जा करण्याच्या राजमार्गांची रुंदी सुमारे ७५ मीटर होती आणि त्यांवर नांगर घालायला शेतकऱ्यांना मनाई होती. राजाच्या परवानगीशिवाय जिवंत मेंढ्या देशाबाहेर नेता येत नसत.

ही मक्तेदारी सैल केली ती राजघराण्यांतील नात्यांनी. तिसऱ्या कार्लोसने १७६५ मध्ये सॅक्सनीच्या राजघराण्यातील आपल्या नातलगांना, तर १७८६ मध्ये फ्रान्सच्या सोळाव्या लुईला मेंढ्या दिल्या. लुईच्या कळपातून रॅम्बुये हा वाण घडला. पुढे नेपोलियनच्या स्वारीत स्पेनमधले कळप उधळले गेले आणि १८३६ मध्ये मेस्ताही संपली.

ऑस्ट्रेलियात मेरिनो १७९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केपमार्गे पोहोचली. तिच्या पैदाशीचे श्रेय सहसा जॉन मॅकार्थरला दिले जाते. पण तो दोनदा मिळून बारा-तेरा वर्षे इंग्लंडमध्ये होता आणि त्या काळात कळप सांभाळले ते त्याची पत्नी एलिझाबेथ हिने. तिचे नाव आधी घ्यायला हवे. १८६० नंतर पेपिन कुटुंबाने रिव्हरिना भागात कोरडी हवा सोसणारा, धिप्पाड वाण तयार केला. भारतात राजस्थानातील अविकानगरच्या केंद्राने चोकला आणि नाली मेंढ्यांचा रॅम्बुये व रशियन मेरिनोशी संकर करून ‘भारत मेरिनो’ निर्माण केली.

मेरिनोची लोकर आपोआप गळत नाही, दरवर्षी कातरावीच लागते. २०१५ मध्ये कॅनबेराजवळ सापडलेल्या एका भरकटलेल्या मेंढ्याच्या अंगावरून ४१ किलोंहून अधिक लोकर निघाली. कातडी जास्त तर लोकर जास्त, या हिशेबाने एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील व्हरमाँटचे सुरकुत्यांचे मेंढे ऑस्ट्रेलियात आणले गेले. त्या ओलसर घड्यांत माश्या अंडी घालतात आणि अळ्या जिवंत मेंढीचे मांस खातात. उपाय म्हणून शेपटीभोवतीची कातडी कापून काढण्याची ‘म्यूलसिंग’ची रीत रूढ झाली. माणसाच्या हव्यासाची ही शिक्षा मेंढीने भोगली. न्यूझीलंडने २०१८ मध्ये म्यूलसिंगवर बंदी घातली. ऑस्ट्रेलियात कमी सुरकुत्यांच्या मेंढ्या निवडून पैदास करण्याकडे अनेक पशुपालक वळले आहेत.