बार्शी लाइट आणि ‘संदर्भ हवा’

परवा ऑनलाइन ज्ञानकोशातला बार्शी लाइट रेल्वेचा लेख सुधारायला बसलो. ‘इंग्रजांनी बांधली’ एवढ्यावर भागत नाही ना! ही गाडी एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरच्या डोक्यातली, आणि कंपनी खासगी. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आपलं कुर्डुवाडी, ते बार्शी गाडी सुरू झाली. दोन रुळांत अंतर फक्त अडीच फूट. कॅल्थ्रॉपची युक्ती अशी, की चाकांच्या प्रत्येक जोडीवर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग रूळ हलके चालतात, खर्च वाचतो. पुढे १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज.

इथवर सगळं ठीक. मग मी लिहिलं, ‘आषाढीला वारकरी टपावरही बसत.’ आजी सांगायची ना! दुसऱ्या दिवशी वाक्यापुढे शिक्का: ‘संदर्भ हवा’. राग आला, पण बरोबरच आहे म्हणा; आजी म्हणजे काही छापील पुरावा नव्हे. आणि आता तिला परत विचारताही येत नाही.

जुन्या पेपरांत शोधतोय. तुमच्या घरी एखादं कात्रण असेल तर कळवा. तोवर ते वाक्य मीच काढून ठेवलंय.