बांध कोणी राखावा?

गोव्यात मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या मुखाकडील प्रदेशातून, दिवाडी किंवा चोडण बेटांच्या काठाने, भरतीच्या वेळी जाणाऱ्या प्रवाशाला एक विलक्षण दृश्य दिसते. एका बाजूस खारे पाणी काठोकाठ चढलेले असते. दुसऱ्या बाजूस भाताची शेते पसरलेली असतात, आणि त्यांची जमीन त्या पाण्याच्या पातळीहून चांगलीच खाली असते. दोहोंच्या मध्ये चिरे आणि चिखल यांनी रचलेला एक बांध, एवढेच काय ते संरक्षण. या शेतांना खाजन म्हणतात. गोव्यात अशी सतरा-अठरा हजार हेक्टर जमीन आहे, आणि ती निसर्गाने दिलेली नसून माणसांनी खाडीकडून मिळवलेली आहे.

या बांधांचा इतिहास आज पुन्हा वाचण्यास एक कारण आहे. पृथ्वीचे तापमान वाढत असून समुद्र चढतो आहे. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञमंडळाने २०२१ साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्याप्रमाणे १९०१ ते २०१८ या काळात समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. आणि २००६ ते २०१८ या वर्षांत ही वाढ दर साल ३.७ मिलिमीटर इतकी झाली. या संकटाचा विचार राजधान्यांतून होतोच. परंतु प्रत्येक गावाने आपल्यापुरती योजना आखावी, असेही आता सर्वत्र सांगितले जाते. गोव्यातील गावांना हा उपदेश नवा नाही. त्यांनी अशी योजना शतकानुशतके आखली, राबवली, आणि पुढे ती त्यांच्या हातून निसटलीही. ती कशी चालली आणि कशामुळे निसटली, या दोन्ही गोष्टी जाणून घेण्यासारख्या आहेत.

प्रथम खाजनाची रचना पाहू. बाहेरचा बांध खाडीच्या पाण्याला अडवतो. त्याच्या बाहेरील पायथ्याशी खारफुटीची झाडे राखलेली असतात. त्यामुळे लाटांचा मारा सौम्य होतो. आत, शेतांच्या सर्वांत सखल भागी, पाण्याचा एक साठा असतो. त्यास पोय म्हणतात. जेथे हे पाणी खाडीस मिळते, तेथे बांधात मानस नावाचे लाकडी झडपांचे दार बसवलेले असते. या झडपा अशा कौशल्याने बसवलेल्या असतात की, भरतीचे पाणी चढू लागले म्हणजे त्याच्याच दाबाने त्या मिटतात आणि ओहोटी लागली म्हणजे आतील पाण्याच्या दाबाने उघडतात. पावसाळ्यात शेतांत साचलेले गोडे पाणी अशा रीतीने दिवसातून दोनदा आपोआप निघून जाते. पीक निघाल्यावर बेताने खारे पाणी आत घेतले जाते. त्याबरोबर मासळी येते, आणि पुढच्या पावसाने मातीतील मीठ धुऊन निघते. पेरावयाचे भातही या जमिनीस साजेसेच. कोरगूट आणि आसगो या जुन्या जाती थोडासा खारेपणा सोसून उभ्या राहतात.

ही विद्या किती जुनी? फोंडा महालातील बांदिवडे येथे मौर्यवंशीय अनिर्जितवर्मा राजाचा जो ताम्रपट सापडला, तो सुमारे सहाव्या शतकातील मानला जातो. त्यात ‘खज्जन’ जमिनीचे दान आणि खारे पाणी अडवण्यासाठी घालावयाचा बांध यांचा उल्लेख आहे. याचा अर्थ असा की, शब्द आणि वस्तू दोन्ही किमान चौदाशे वर्षे या भूमीत नांदत आहेत. त्यानंतर राजवटी कितीतरी आल्या आणि गेल्या. बांध मात्र कोणत्याही एका राजाच्या नावाने ओळखले गेले नाहीत, कारण ते राखणारी संस्था गावाची होती.

ती संस्था म्हणजे गावकारी. पोर्तुगीजांनी गोवे बेट घेतल्यानंतर त्यांचा महसूलप्रमुख अफोन्सो मेशिया याने १६ सप्टेंबर १५२६ रोजी या गावांचे रीतिरिवाज ४९ कलमांत लिहवून घेतले. हा दस्तऐवज ‘फोराल’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्याच्या प्रारंभीच एक जुनी समजूत नोंदलेली आहे. फार पूर्वी चार पुरुष एका ओसाड बेटावर आले, त्यांनी ती जमीन कसून सुधारली, वस्ती वाढली, आणि त्यांच्या चांगल्या कारभारामुळे लोक त्यांना गावकार म्हणू लागले. या कथेतील चार पुरुष ऐतिहासिक असोत वा नसोत, गावाचा हक्क जमीन घडविण्याच्या श्रमातून निर्माण झाला, ही गावाची स्वतःविषयीची धारणा तीतून स्पष्ट दिसते.

गावकारीत जमीन मुख्यतः समाईक असे. ती ठराविक मुदतीने लिलावात कसावयास दिली जाई. येणाऱ्या उत्पन्नातून प्रथम सरकारचा कर भरला जाई. मग देवस्थान, गावचे सेवक आणि बांधांची दुरुस्ती यांचा खर्च निघे. आणि उरलेली रक्कम गावकारांना झोण म्हणून वाटली जाई. कर गावाने एकत्रितपणे द्यावयाचा असे, आणि पीक बुडाले म्हणून तो चुकत नसे. सभेचे निर्णय एकमताने व्हावेत असा संकेत होता. या व्यवस्थेतील मर्म येथेच आहे. बांध फुटला तर खारे पाणी एकाच्या शेतात थांबत नाही. ते सर्वांच्या शेतात पसरते, आणि मीठ धुऊन निघेपर्यंत एकदोन हंगाम तरी हातचे जातात. म्हणून पावसाळ्यापूर्वी बांध तपासणे, खेकड्यांनी पाडलेली बिळे बुजवणे आणि मानशीच्या झडपा दुरुस्त करणे, ही कामे कोणाच्या सवडीवर सोडलेली नव्हती. खर्च करणारी सभा आणि नुकसान सोसणारी सभा एकच होती. दुरुस्ती टाळून या वर्षीची झोण वाढवावी, असा मोह कोणास झाला, तर पुढच्या वर्षीची झोणच बुडेल हे प्रत्येकाला दिसत होते.

सोळाव्या शतकात या गावांवर मोठे आघात झाले. तिसवाडीतील देवळे १५४० च्या सुमारास पाडण्यात आली आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मसंस्थांकडे वळविण्यात आले. पुढे अनेक गावांतील गावकार ख्रिस्ती झाले. या इतिहासातील दुःख झाकून ठेवण्याचे कारण नाही. तथापि त्या उलथापालथीतही बांधाचे काम खंडित झाले नाही, ही गोष्ट तितकीच खरी आहे. ज्याच्या घरावर तुळशीवृंदावन होते आणि ज्याच्या अंगणात क्रूस उभा राहिला, त्या दोघांच्याही शेतात येणारे पाणी तेच होते. आजही राय गावात ५ ऑगस्टला आणि ताळगावात २१ ऑगस्टला भाताची नवी कणसे चर्चमध्ये नेऊन आशीर्वादिली जातात. आणि चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी हिंदू घरांत नव्याची पूजा होते. दोन्ही सण वेळेवर कापणीला येणाऱ्या भाताचेच आहेत.

पोर्तुगीज शासनाने गावकारीला ‘कोमुनिदाद’ हे नाव दिले आणि १९०४, १९३३ व १९६१ या साली तिच्यासाठी सविस्तर संहिता केल्या. या संहितांनी संस्था टिकवली, परंतु तिच्यावर सरकारी प्रशासकाची देखरेखही बसवली. हळूहळू गावकार हा बांधाचा राखणदार कमी आणि झोणीचा वाटेकरी अधिक झाला. पुष्कळ गावकार पोटासाठी मुंबईस, आफ्रिकेस गेले. झोण मात्र ते किंवा त्यांचे वारस घेतच राहिले.

जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिच्यातील अन्याय विसरून चालणार नाही. सभेत बसणारे गावकार वेगळे होते आणि कंबरभर चिखलात उभे राहून बांध घालणारे हात वेगळे होते. ते हात बहुधा गावडे, कुणबी आणि इतर कष्टकऱ्यांचे असत. ओहोटीची वेळ, चिखलाची जात, पाण्याचा ओढा यांचे ज्ञान त्यांच्याजवळ होते. मत मात्र त्यांना नव्हते. स्त्रिया लावणी-कापणी करीत. झोण पुरुषवंशाकडे जाई. जी कुळे पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसत होती, त्यांना उद्या ती आपल्याकडे राहील अशी शाश्वती नव्हती.

म्हणून १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावर जमिनीचा प्रश्न पुढे येणे स्वाभाविकच होते. १९६४ साली कूळकायदा झाला आणि कुळांना संरक्षण मिळाले. १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्यास जमिनीचा मालक होण्याचा मार्ग मोकळा केला. शतकांचा अन्याय दूर करणारे हे पाऊल होते, यात संशय नाही. परंतु शेत वाटून देता येते, बांध वाटून देता येत नाही. ही अडचण कायदा करणारांच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. कुळांनी आपले संघ स्थापून बांध राखावेत अशी तजवीज झाली आणि त्यांच्या सामायिक जबाबदारीविषयी १९७५ साली नियमही करण्यात आले. तथापि नियमाने संघ निर्माण होतो. बांधावर जाण्याची सवय नियमाने निर्माण होत नाही. कोमुनिदादीचे उत्पन्न घटले, तशी तिची बांधावरील दृष्टी उडाली. कुळांना वाटले, मोठी दुरुस्ती सरकार करील. सरकारी खात्याने दुरुस्त्या केल्याही. परंतु निधी मंजूर होण्यास जो वेळ लागतो, तो भरती देत नाही.

याच काळात आणखी संकटे ओढवली. १९५० नंतर खनिजाची निर्यात वाढली आणि नद्यांतून बार्जींची रहदारी सुरू झाली. त्यांच्या लाटांनी बांधांचे पायथे खिळखिळे झाले. मानशीवरील मासेमारीचा हक्क लिलावाने दिला जातो. त्याचा पैसा बांधासाठी खर्च व्हावा हा मूळ उद्देश. मासळीला भाव येऊ लागला, तसे काही ठेकेदार अधिक मासळीच्या लोभाने अवेळी दार उघडून खारे पाणी आत घेऊ लागले. ज्या वस्तूने शेत राखावयाचे, तीच शेत बुडवू लागली. नोकऱ्यांमुळे शेते पडीक पडली. पडीक शेताच्या मालकाला बांधाची निकड उरली नाही. आणि त्याच्या शेजारी कसणारा एकटा पडला. जेथे खारे पाणी कायमचे शिरले, तेथे खारफुटी माजली. तिला कायद्याचे संरक्षण असल्याने ती तोडून पुन्हा शेत करणेही दुष्कर झाले. बांधाबाहेर जे झाड मित्र होते, ते बांधाच्या आत आल्यावर शेताच्या शेवटाची खूण ठरले.

अलीकडे कायद्याने खाजनांकडे पुन्हा लक्ष दिले आहे. ६ जानेवारी २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांचा स्वतंत्र उल्लेख करून त्यांच्या रक्षणाची व व्यवस्थापन-आराखड्याची तरतूद केली गेली. त्याआधी २००६ साली आलेल्या प्रादेशिक आराखड्याविरुद्ध मोठा जनक्षोभ उसळला आणि २००७ साली तो आराखडा मागे घ्यावा लागला. त्यानंतरचा आराखडा करताना गावोगाव नकाशे पाठवून ग्रामस्थांच्या सूचना मागविण्यात आल्या. त्यात खाजने कडक संरक्षणाच्या वर्गात घालण्यात आली. नकाशासमोर बसून कोणते शेत, कोणती पोय, कोठला उतार हे बोट ठेवून सांगणारे ग्रामस्थ पाहिले, म्हणजे गावाची स्मृती अद्याप पुसलेली नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु नकाशावर हिरवा रंग भरल्याने भरती थांबत नाही. समुद्र चढत असता बांधांची उंची वाढवावी लागेल, मानशींच्या झडपा नव्याने जोखाव्या लागतील, खारेपणा सोसणारी जुनी बियाणी जपावी लागतील, आणि काही ठिकाणी कोणते शेत राखावयाचे व कोणते सोडावयाचे, हा कठोर निर्णयही करावा लागेल. असा निर्णय दूरच्या कचेरीने लादला तर तो मानला जाणार नाही, आणि एकेकट्या मालकावर सोडला तर तो होणारच नाही. तो करण्यास गावाची सभाच हवी. मात्र ती जुन्या गावकारीची नक्कल नसावी. तीत कसणारा हवा, मासेमार हवा, स्त्रिया हव्यात, बांधाचा चिखल जाणणारा मजूर हवा. मानशीच्या लिलावाचा पैसा त्याच सभेच्या हाती हवा, आणि त्याचा हिशेब सर्वांसमोर वाचला गेला पाहिजे.

चौदाशे वर्षे हे बांध टिकले, ते निर्णय करणारा, खर्च करणारा आणि नुकसान सोसणारा गाव एकच होता म्हणून. हे तिघे एकमेकांपासून तुटले, तेव्हा बांधाला भगदाडे पडली. आता समुद्र पूर्वीपेक्षा अधिक वेगाने चढतो आहे; आणि या पावसाळ्यापूर्वी बांध तपासावयास कोण जाणार, हा साधा प्रश्न अनेक गावांत अनुत्तरित आहे. त्याचे उत्तर गावाने दिले, तर पुढील योजनेचा आरंभ तेथूनच होईल.