धनुष्याचे ओझे

जनकाच्या सभेत रामाने शिवधनुष्य उचलले, त्याला दोरी चढवली, ती ओढली आणि धनुष्य मोडले. ही कथा आपण आजीच्या मांडीवर ऐकली, शाळेत वाचली, कीर्तनात पुन्हा ऐकली. पण दोरी कानाकडे येत असता हाताला काय जाणवले असेल, ते ना आजीने सांगितले, ना हरदासबुवांनी. त्यांना तरी दोष का द्यावा? इतिहासकारही धनुष्य किती दूर मारते आणि कोणाला मारते एवढीच चौकशी करतात. ओढणाऱ्याच्या खांद्याची विचारपूस कोणी करीत नाही. वाचकहो, फराळाच्या ताटावर बसल्या बसल्या आज ती विचारपूस करू. माझ्या मते धनुष्याचा सारा इतिहास एका प्रश्नात मावतो : ओढताना ओझे कोठे येते?

साध्या धनुष्याचे उत्तर ठरलेले आहे. काठी जसजशी वाकवावी तसतसा तिचा विरोध वाढतो. दोरी जितकी मागे तितके ओझे अधिक, आणि नेम धरण्याचा क्षण हाच सर्वांत जड क्षण. तांदळाचे पोते उचलून खांद्यावर धरावे आणि त्याच अवस्थेत सुईत दोरा ओवावा, तसे हे काम. सातपुड्यातल्या भिल्लांचा तीरकामठा घ्या, ज्याची दोरीसुद्धा बांबूच्या चिरफळीची असे, किंवा इंग्लंडातले यू झाडाच्या लाकडाचे पुरुषभर उंच धनुष्य घ्या. जात वेगळी, पण नियम एकच.

त्या इंग्रजी धनुष्याचा पुरावा समुद्राने जपून ठेवला. आठव्या हेन्रीचे ‘मेरी रोझ’ नावाचे लढाऊ जहाज १५४५ साली बुडाले आणि १९८२ साली वर काढण्यात आले. त्यातून शंभरावर धनुष्ये आणि हजारो बाण मिळाले. अभ्यासकांनी या धनुष्यांची ओढ १०० ते १८५ पौंडांच्या घरात काढली आहे. सोबत माणसांचे सांगाडेही होते. त्यांतल्या काहींच्या खांद्याचे एक हाड, जे विशीच्या आसपास जुळून एकसंध व्हायला हवे, ते जुळलेलेच नव्हते. लहानपणापासून जड धनुष्य ओढल्याचा हा परिणाम असावा, असे काही अभ्यासक मानतात. म्हणजे धनुष्य आधी माणसाला वाकवीत असे, मग माणूस धनुष्याला.

आपल्याकडे कौटिल्याने धनुष्याचे चार प्रकार नोंदले आहेत : ताडाचे, बांबूचे, लाकडाचे आणि शिंगाचे. विष्णूच्या धनुष्याला शार्ङ्ग म्हणतात, त्याचा अर्थच शिंगाचे. शिंगाच्या जातीची धनुष्ये मध्य आशियापासून तुर्कस्तानापर्यंत पसरली आणि मोगलांच्या हातीही होती. पोटाला शिंग, पाठीला जनावराचा स्नायू आणि मध्ये लाकूड. शिंग दाब सोसते, स्नायू ताण सोसतो. दोरी काढली की हे धनुष्य उलट्या अंगाला वळून बसते, म्हणून दोरी चढवतानाच त्यात पुष्कळ ताण भरला जातो. ओढू लागताच ते हाताला जड लागते, पण शेवटी लाकडासारखे अडून बसत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधील तुर्की वकिलातीचे चिटणीस महमूद एफेंदी यांनी अशा धनुष्याने ४८२ यार्डांवर बाण टाकून दाखवला. मात्र याचा सरस ओल धरतो. आपल्या आषाढ-श्रावणात ते फार निगुतीने ठेवावे लागले असेल.

ही पूर्वेकडची मंडळी दोरी बहुधा अंगठ्याने ओढीत, तर युरोपातली तीन बोटांनी. हे ध्यानात घेतले म्हणजे एकलव्याच्या गुरुदक्षिणेचा अर्थ उलगडतो. महाभारत सांगते की अंगठा दिल्यावर तो बोटांनी बाण सोडू लागला, पण पूर्वीची चपळाई राहिली नाही. द्रोणाचार्यांनी काय मागितले ते त्यांना नेमके ठाऊक होते!

आता अमेरिकेकडे वळू, कारण पुढचा मोठा पालट तेथेच झाला. १९११ साली कॅलिफोर्नियात ओरोविल गावी याही जमातीचा अखेरचा माणूस एकटाच येऊन पोचला. त्याला इशी म्हणू लागले. त्याच्याकडून सॅक्सटन पोप नावाच्या डॉक्टरने धनुर्विद्या शिकून घेतली. इशीचे धनुष्य आखूड आणि हलके. त्याची भिस्त जोरावर नव्हती, जनावराच्या अगदी जवळ जाण्यावर होती. १९१६ साली इशी क्षयाने वारला. पोपने पुढे संग्रहालयातली देशोदेशीची धनुष्ये ओढून, त्यांचे बाण सोडून, त्यांची तुलना १९२३ साली छापली. ओढणाऱ्या हाताला साक्षीला बोलावणारा असा विद्वान विरळा.

पोपच्या लिखाणाने अमेरिकेत धनुष्याच्या शिकारीची हौस वाढली, आणि त्या हौशी लोकांत मिझूरी राज्यातला हॉलेस विल्बर ॲलन हा एक होता. त्याने धनुष्याच्या टोकांना चाके बसवली, पण त्या चाकांचा आस मध्यावर ठेवला नाही, बाजूला ठेवला. खुबी सारी एवढीच. चाक फिरते तसा तरफेचा हात बदलतो, आणि ओढ शेवटाकडे वाढण्याऐवजी घटते. ॲलनने १९६६ साली पेटंटाचा अर्ज केला, १९६९च्या डिसेंबरात ते मिळाले. यालाच कंपाउंड धनुष्य म्हणतात. हजारो वर्षांत प्रथमच सर्वांत जड क्षण मध्ये आला आणि नेमाचा क्षण हलका झाला.

मी हे धनुष्य एकदा ओढून पाहिले आहे. सुरुवातीला वाटते, हे आपल्याच्याने व्हायचे नाही. मास्तरांची चष्मा सांभाळीत चाललेली ओढाताण पाहून पोरे हसत होती. मग अर्ध्याच्या पुढे एकाएकी समोरचा माणूस रस्सीखेच सोडून द्यावा तसे ओझे गळून पडते, आणि दोरी एका ठिकाणी ठाम अडते. शिकारी त्या हलक्या जागेला दरी म्हणतात आणि अडणाऱ्या टोकाला भिंत. बाण न सोडता दोरी परत न्यायची तर मात्र तोच चढ उलटा येतो आणि खांदा हिसकतो. बाणाशिवाय दोरी सोडणे तर सक्त मना. सगळा जोर धनुष्याच्याच अंगावर येऊन ते फुटू शकते.

पण सगळी कंपाउंड धनुष्ये हाताला सारखी लागत नाहीत. पहिल्या पिढीची गोल चाकांची धनुष्ये गोडीने ओढली जातात : चढ हळूहळू, उतार हळूहळू, तळाशी दरी ऐसपैस. शेवटी ओझे साधारण निम्मे होई. त्यानंतर आले कॅम, म्हणजे मुद्दाम वेडेवाकडे कापलेले चाक. ते ओझे पहिल्या काही इंचांतच शिखरावर नेते, तेथे पठारासारखे धरून ठेवते आणि अखेरीस कड्यावरून लोटल्यासारखे सोडते. पठार जितके लांब तितकी शक्ती अधिक साठते. म्हणून आजच्या शिकारी धनुष्याचा बाण सेकंदाला ३०० फुटांच्या वर जातो. पण दरी अरुंद होते, आणि हात जरा सैल पडला की दोरीच तुम्हाला ओढून नेऊ पाहते. वेगवान धनुष्य तापट असते, असे म्हणायला हरकत नाही.

दोन चाके जोडीने फिरली नाहीत तर बाणाची शेपटी वरखाली होते. बेबनाव झालेल्या बैलजोडीचेच दुखणे. त्यावर १९९२च्या सुमारास मॅट मॅकफर्सन याने एकाच टोकाला कॅम ठेवण्याचा उपाय लोकप्रिय केला. लांबीचेही तसेच. मचाणावर आखूड धनुष्य सोयीचे, पण ते हातात चुळबुळते. लांब धनुष्य शांत राहते. बाण सुटल्यावर मुठीला बसणारा झटका कमी व्हावा म्हणून पुढे धनुष्याच्या पात्या जवळजवळ समांतर केल्या गेल्या. एक वर उसळते, एक खाली, आणि दोघींचा धक्का एकमेकींत जिरतो.

जुन्या शिकाऱ्यांना हे सारे रुचले नाही. पोप आणि त्याचा सोबती आर्थर यंग यांच्या नावाने चालणाऱ्या मंडळाने तर ६५ टक्क्यांपेक्षा अधिक ओझे सोडणाऱ्या धनुष्याची शिकार आपल्या नोंदवहीत घ्यायचे कित्येक वर्षे नाकारले; पुढे घेतली तीही फुली मारून. त्यांचे म्हणणे मला कळते. खांद्याची तपश्चर्या गेली, इशीची पावले गेली, मग उरले काय? पण दुसरी बाजूही आहे. साधे धनुष्य पूर्ण ओढून दोन-चार क्षणांपलीकडे धरवत नाही; हरीण आडवे उभे नसले तरी बोटे सुटतात, आणि जखमी जनावर रानात जाऊन तडफडते. कंपाउंडवाला थांबू शकतो. थांबता येणे ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

आपल्या देशात १९७२च्या कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच उरला नाही. येथे हे धनुष्य मैदानावर आले, आणि २०२३च्या ऑगस्टात बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी १४९ गुण घेऊन जगज्जेती झाली. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळे याने १५०पैकी १५० घेतले. लक्ष्य ५० मीटरांवर, आणि दहा गुणांचे वर्तुळ अवघे ८ सेंटिमीटर रुंद. स्पर्धेत ओढीची मर्यादा ६० पौंड आहे. शेवटी ८० टक्के सूट धरली तर नेम धरताना हातावर १२ पौंड उरतात. दोरीला बोटे लागतच नाहीत. ती एका लहानशा खटक्यात अडकवलेली असते, आणि तो खटका पुष्कळ तिरंदाज अंगठ्याने दाबतात.