इंटर नापास गुरुजी

आजची गोष्ट नांदेडची आहे, आणि थोडी लातूरचीही.

नरहर कुरुंदकर. जन्म १९३२चा. शिकायला हैदराबादला, मामांकडे. मामा म्हणजे मराठीचे प्राध्यापक डॉ. नांदापूरकर. भाच्याचं वाचन अफाट, पण इंटर काही सुटेना. एकदा नाही, पुन्हा पुन्हा नापास!

आता सांगा, नुसती मार्कशीट बघून या पोराबद्दल तुम्ही काय म्हटलं असतं? 'ढ' म्हणून मोकळे झाला असता ना? पण नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत हेच कुरुंदकर शिक्षक झाले. पदव्या मागाहून आल्या. पुढे ते पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक आणि नंतर प्राचार्य झाले. इतिहास, राजकारण, साहित्य, संगीत, कशावरही बोलायचे. १० फेब्रुवारी १९८२ला औरंगाबादेत, भर व्यासपीठावरच ते गेले. नांदेडकर त्यांना आजही 'गुरुजी' म्हणतात.

त्याच वर्षी लातूर जिल्हा झाला. पुढे 'लातूर पॅटर्न' गाजला. त्यानं खेड्यातली कित्येक पोरं डॉक्टर-इंजिनिअर केली, हे खरंच. पण आज नांदेड काय, लातूर काय, टेस्टच्या मार्कांवर बॅच ठरते आणि बॅचवरून पोराची किंमत. तरुण कुरुंदकर आज आले असते, तर कुठल्या बॅचमध्ये बसले असते?

मार्कशीट खोटं बोलत नाही, पण तीन तासांपुरतंच बोलते. तुमच्यापैकी कुणी उद्या शिक्षक झालात, तर यादी बघण्याआधी पोराला एकदा विचारा, "सध्या काय वाचतोयस?"